नीट कापलेलं कुलूप

श्रावणातली ती सोमवारची सकाळ अजून विसरलो नाही. मी तेव्हा सुरतेच्या जुन्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. हजेरी संपली होती, चहा यायचा होता, आणि जुन्या दरवाजाच्या दुरुस्ती समितीचे सचिव तक्रार अर्ज घेऊन आत आले. दरवाजाचं कुलूप कोणीतरी कापलं होतं.

सुरतेत दरवाजे पुष्कळ. बहुतेक आता फक्त रिक्षावाल्यांच्या तोंडी उरले आहेत. महाराज पहिल्यांदा आले तेव्हा शहराला मातीचा तट होता. विटांचा तट त्यानंतर उठू लागला; म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. महाराज पुन्हाही आले. पुढे असल्या दरवाजांचं काम जकात घेणं आणि उशिरा येणाऱ्याला बाहेर ठेवणं एवढंच राहिलं. मग शहरच तटाबाहेर वाहत गेलं. आमच्या दरवाजाची तर दारंही नाहीशी झाली होती. समितीने नवी सागवानी दारं बसवली, हत्ती अडवणारे खिळे ठोकले, 'अभेद्य' असं लिहिलेली संगमरवरी पाटी लावली आणि कुलूप घातलं. दुरुस्तीनंतरचं पहिलं पाऊल मंत्र्यांचं पडायचं होतं.

पंचनाम्याला गेलो तर उंबऱ्यावर हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या. मी धुळ्याकडचा, अर्थ लागायला वेळ लागला नाही. आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी घरात कानबाई बसते आणि सोमवारी तिला डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. लिंबायतमधली यंत्रमाग कामगारांची एक कानबाई दरवर्षी याच दरवाजातून तापीवर जायची. यंदा परवानगी दिली होती ती वळसा घालून जायची.

दुपारी पानाच्या गादीवरचा आमचा बातमीदार जमादारांच्या कानाशी लागला. "पेला लिंबायतवाळानी रिक्षामां करवत छे. जोई लेजो."

रिक्षात लोखंड कापायची करवत सापडली. रिक्षावाला तिशीचा होता. त्या पहाटेच्या मिरवणुकीत कानबाई त्याच्या आईच्या डोक्यावर होती. मी खुर्ची दाखवली, तो बसला नाही.

"साहेब, कुलूप मीच तोडं. आते काय लिखनं ते लिखी ल्या."

"वकील करशील ना?"

"कशाला? तोडं म्हणतो ना."

माझ्या नोकरीत गुन्हा कबूल करायला लोकांनी फार वेळ घेतला आहे. इतकी घाई करणारा माणूस बहुधा कुणाला तरी झाकत असतो. जुन्या वास्तूच्या नुकसानीचा गुन्हा लागला असता तर त्याची रिक्षा दारात उभी राहिली असती. तरी तो ढळत नव्हता.

मी मुद्देमालातलं कुलूप मागवलं. कडीचा काप आखल्यासारखा सरळ होता. ठाण्यातलं तसंच एक कुलूप कोठडीच्या गजाला लावलं आणि त्याच्या हाती करवत दिली. "काप."

तो कापू लागला. कुलूप डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, करवत कडीवरून घसरत राहिली. जमादार म्हणाले, "अरे भाई, कुलूप कापतो आहेस की पाळणा हलवतो आहेस?"

टांगलेल्या कुलपाचा काप सरळ येत नाही. मुद्देमालातल्या कुलपावर दोन्ही बाजूंना दातांच्या खुणाही होत्या. वर्कशॉपच्या वाईसच्या लोखंडी जबड्यात आवळून धरल्याच्या. म्हणजे ते आधी किल्लीने उघडलं, मग नेऊन कापलं. किल्ल्या दोनच: एक सचिवांकडे, दुसरी दरवाजावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडे. सचिव असल्या कामासाठी पहाटे उठतील असं वाटेना.

पहारेकरी गुजराती काका. त्यांना ठाण्यात बोलावून मी दोन्ही कुलुपं टेबलावर ठेवली. त्यांनी रिक्षावाल्याकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"माताजी सामे ऊभां होय, ने हुं ना पाडुं, साहेब?" देवी समोर उभी असताना नाही कसं म्हणू, एवढंच त्यांचं म्हणणं. कापायची कल्पना रिक्षावाल्याची. किल्लीने उघडलं म्हणून काकांची नोकरी गेली असती, आणि त्या वयात दुसरी कोण देणार? कापलेलं कुलूप दिसलं तर दोष अज्ञात इसमाचा.

"काका, तुम्ही गप्प बसायचं ठरलं होतं ना?" रिक्षावाला करवादला.

"तारी मा घरे रडे छे," काका म्हणाले. आईच्या रडण्यापुढे त्याचा ठराव टिकला नाही.

अजून गुन्हा नोंदवला नव्हता, अर्जावर चौकशी चालू होती. मी सचिवांना बोलावलं. दरवाजाला ओरखडाही नाही हे सांगितलं. "कुलपापुरता गुन्हा नोंदवू. मात्र फिर्यादीत लिहावं लागेल की मंत्र्यांच्या आधी आत कोण गेलं. पत्रकार फिर्याद वाचतात."

सचिवांनी पाणी मागितलं. मग नवं कुलूप घेऊ म्हणाले आणि अर्ज मागे घेतला. आत कोणी गेलंच नाही असं ठरल्यावर काकांना काढायला कारण उरलं नाही.

इतिहास वाचताना आपण विचारतो, दरवाजा फोडला कुणी? त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो, किल्ली कुणाकडे होती? आणि ती त्याने कुणासाठी फिरवली, हे कळेपर्यंत त्याला चोर म्हणायचं नाही, एवढं मी शिकलो.

उद्घाटनाला बंदोबस्त माझाच होता. फीत कापून मंत्री उंबऱ्याशी थबकले. दगडात मुरलेलं हळदकुंकू धुऊनही गेलं नव्हतं.

"हे कुणी केलं?"

सचिव माझ्याकडे बघू लागले. काका हात जोडून पुढे झाले. "स्वागत माटे, साहेब."

मंत्री प्रसन्न झाले. स्वागत कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.