त्याला मोहाखाली नेलं तो रविवार

एप्रिलचा दुसरा रविवार, सकाळचे आठ. हजर: आई, धाकटा भाऊ, वहिनी, मी आणि ओसरीत पोत्यावर पडलेला आमचा कुत्रा, वय चौदा. जनावरांचे डॉक्टर धानोऱ्याहून नऊला यायचे होते.

मी गडचिरोलीत नोकरी करते. आदल्या संध्याकाळी गावी आले ती यादी करूनच. खड्डा भावाने परसात खणायचा. रानडुकरांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बोरीच्या काट्या. जुनी सुती चादर वहिनीने काढून ठेवायची. आई पहाटेच मोहफुलं वेचायला जाईल आणि दहाशिवाय परतणार नाही, तेवढ्यात सगळं उरकायचं. झोपेतच गेला, असं तिला नंतर सांगायचं. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती, पंधरा दिवसांत तो उठला नव्हता. सुई द्यायची हे मी आणि भावाने फोनवर ठरवलं होतं. आईचं वय पाहता तिला ते दिसू नये एवढाच हेतू होता.

आठ वाजले तरी आई घरातच होती. ओल्या फडक्याने त्याच्या तोंडात पाणी पिळत होती. मी म्हटलं, फुलं ढोरं खाऊन जातील, जा ना. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं. तिने फडकं पुन्हा वाटीत बुडवलं. खड्डा खणून आलेला भाऊ दारात हात धूत होता. तो म्हणाला, "ताई, तुह्या यादीत माय कुठी हाय? ते त्याच्याबिगर कवा गेली मोहावर?"

हे मला माहीत असायला हवं होतं. आमचं मोहाचं झाड धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, संपतात तिथे, जंगलाला लागून आहे. बाया खाली वाकून वेचत असतात तेव्हा कुत्रा त्यांच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून बसतो. एका वर्षी आमचा असा काही भुंकला की सगळ्या जणी टोपल्या टाकून परत आल्या. दुपारी माणसं पाहायला गेली तर नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे उमटले होते. पुढे शेजारच्या बायाही आईसोबतच जाऊ लागल्या. दोन वर्षांपूर्वी त्याला ऐकू येईनासं झालं, तशा त्या दुसऱ्या टोळीत गेल्या. आई मात्र त्यालाच नेत राहिली. चार फुलं वेचायची आणि मान वर करून स्वतःच जंगलाकडे बघायची. तो उठेना तसं तिचं जाणंही थांबलं. मी रोज फोनवर त्याचं खाणं, पाणी, औषध विचारत होते. मोहाचं एकदाही विचारलं नव्हतं.

मग मला सांगावं लागलं. डॉक्टर कशासाठी येताहेत, किती वाजता, सगळं. आईने फडकं वाटीत ठेवलं.

"चौदा वर्सं मी त्याले सांगल्याबिगर घराभाईर गेली नाई," ती म्हणाली. "अन् तू मले न सांगता त्याले धाडून राह्यली होती."

वहिनी आत निघून गेली. आई बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "इथी नाई. सिमिटावर नाई. झाडाखाली नेऊ त्याले."

आम्ही त्याला बाजेवर घातलं. पुढे भाऊ, मागे मी, वहिनीकडे पाण्याची बाटली, चादर आणि कुदळ. आई बाजेला हात लावून चालत होती. बांधावर डॉक्टर भेटले. त्यांनी गाडी तिथेच लावली आणि काही न विचारता मागून चालू लागले.

झाडाखाली पंधरा दिवसांची फुलं पडून आंबली होती. त्या वासाने त्याचं नाक हललं. आईने त्याचं तोंड जंगलाकडे केलं आणि डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, आधी झोपेची देतो, त्याला काही कळणार नाही. आईने मान हलवली. पहिली सुई दिली. तो सैल पडत गेला तशी ती त्याच्या कानाशी वाकली. त्याला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं.

"झालं वेचून बाप्पा," ती म्हणाली. "चाल आता घरी."

दुसऱ्या सुईनंतर डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिलं आणि पायातल्या चपला काढल्या. ते का ते मी विचारलं नाही. भावाने तिथेच नवा खड्डा खणला. जमीन कडक होती, तासभर लागला. माती लोटल्यावर आईने हात जोडून बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हटलं. कुत्र्यासाठी म्हणतात का, हा प्रश्न भावाच्या चेहऱ्यावर मला दिसला. मग तोही म्हणू लागला, आणि मीही. दगड, काट्या, सगळं नीट रचून आम्ही परतलो. परसातला खड्डा भावाने संध्याकाळी बुजवला.

जेवताना आईने मला भात वाढला, सकाळची बस किती वाजता आहे ते विचारलं. फोन आताही रोज होतो. बीपीची गोळी, वहिनीचं गुडघ्याचं दुखणं, बांधीची कामं, सगळं बोलून होतं. तिला न विचारता ठरवलं ते चुकलं, एवढं एक वाक्य तिला सांगायचं आहे. दर सोमवारी नवी यादी करते तेव्हा ते सगळ्यात वर लिहिते. अजून सांगितलेलं नाही.