किती जणांनी वाचलं

रिक्षाची मागची सीट उचलली की खाली काय काय सापडतं. कोणाचं कानातलं, कोणाची चावी. किस्से पण तसेच. आपण ठेवत नाही, ते साठतात. आमच्या मलेरियाच्या प्रोजेक्टचे तर इतके साठलेत की स्टँडवर कोणी विषय काढला की मला थांबता येत नाही. आधी हसत सांगायचो. आता ताई नाही, सांगताना डोकं फिरतं. तरी सांगतो.

माणसं तीनच. माझी मोठी बहीण सुवर्णा, तिच्या जोडीला शकील, आणि त्यांचे सर, मुंबईचे डॉक्टर. ताई आणि शकील भिवंडीत कापडाच्या लूमच्या कारखान्यांत जाऊन ताप आलेल्यांचं बोट टोचायचे आणि रक्ताचा थेंब किटवर टाकायचे. एक रेघ आली तर मलेरिया नाही, दोन आल्या तर आहे. तिथल्या तिथे निकाल! मी आठवीतून शाळा सोडलेला. माझी रिक्षा त्यांना लावलेली.

ताई गेल्यावर आई रोज एकच विचारायची, "सुवर्णाच्या कामाचा झाला काय शेवटी?" मला सांगता यायचं नाही.

*

धामणकर नाक्यामागच्या कारखान्यात एका चाचांची टेस्ट केली. एक रेघ आली. चाचांचा जन्म लूमवर गेलेला. त्यांनी किट उजेडात धरलं, कापड तपासतात तसं उलटसुलट बघितलं. शकीलच्या कागदावर दोन रेघांचं चित्र होतं, ते बघून त्यांचं तोंड उतरलं.

"बेटी, इसमें एक धागा टूटा है. ये माल वापस करो, दूसरा दो."

ताई म्हणाली, "चाचा, ये धागा टूटा ही अच्छा."

तेव्हापासून आमच्यात कोणाला मलेरिया नाही निघाला की म्हणायचं, धागा टूटा!

*

या सगळ्यावर सरांनी इंग्रजीत पेपर लिहिला, तो इंटरनेटवर आला. पानावर कोपऱ्यात आकडा, किती जणांनी वाचलं. बाजूला एक रंगीत गोल, त्यात जगात किती चर्चा झाली त्याचा स्कोर. सर दिवसभर तो गोलच बघायचे, म्हणायचे, पार केनियात वाचतात. ग्रुपवर मेसेज यायचा, लिंक उघडा, पुढे पाठवा.

शकीलने कारखान्यातल्या लोकांच्या फोनवर उघडला, मी स्टँडवरच्या. एका रिक्षावाल्याने बोटाने खालीवर करून विचारलं, "यात व्हिडिओ कुठाय?"

आकडा चढला. सकाळी सरांचा मेसेज: "भिवंडीकरांची संशोधनाची आवड बघून भारावून गेलो."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

*

पाऊस सरताना ताईला ताप भरला. प्रोजेक्ट तेव्हा संपलेला, उरलेले किट सरांच्या ऑफिसात परत गेलेले. आमच्या दिघाशी गावाहून मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात आणलं. ती बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, आधी किट करा.

नर्सबाई म्हणाल्या, किट संपलेत. रक्त पाठवतो, रिपोर्ट येईल, तोवर तापाची गोळी द्या.

माझं टाळकं सरकलं. काउंटरवर हात आपटून मी ओरडलो, की इथल्या टेस्टचा पेपर पार केनियात वाचतात आणि इथे टेस्टच नाही?

बाईंनी मान पण वर केली नाही. "पेपर काढलाय का? नसेल तर खिडकीवर केसपेपर काढून या."

मी गेलो खिडकीवर. लाईनीत उभा राहिलो!

रिपोर्ट आला तोवर ताई मोठ्या हॉस्पिटलात होती, ओळखत नव्हती कोणाला. रिपोर्ट शकीलने आणला. दारातच थांबला आणि म्हणाला, "धागा नहीं टूटा, भाई."

*

ताईचं तेरावं झालं आणि मी सरांच्या ऑफिसात भांडायला गेलो. पेपरात तिचं नाव कुठेच नाही. शेवटी आभार मानलेत, "क्षेत्रीय कर्मचारी" म्हणून. कर्मचारी मेला का? माझी ताई मेली!

सर रडले. खोटं सांगत नाही, खरंच रडले. म्हणाले, छापलेलं आता बदलत नाही. मी म्हटलं, नाव राहू द्या. घरी येऊन माझ्या आईला सांगा, तिच्या कामाचं काय झालं. ते हो म्हणाले.

पण आधी त्यांनी ताईवर पोस्ट लिहिली. तिचा किट धरलेला फोटो, खाली पेपरची लिंक. पोस्ट जिकडेतिकडे फिरली. मग मला सरांचा फोन आला, आवाज अगदी मऊ. "सुवर्णामुळे आपला स्कोर कधी नव्हता एवढा वर गेला रे."

मी फोन भिंतीवर मारला. फुटला तो माझाच.

*

शेवटी एका रविवारी सर दिघाशीला आले. आईने खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली. आईला अक्षर येत नाही. सरांनी फोनवर तो रंगीत गोल तिच्यासमोर धरला.

"मावशी, हे सुवर्णाचं काम. जगभरात हजारो लोकांनी वाचलंय."

आईने पदराने डोळे पुसले आणि फोनकडे नीट बघितलं. "हजारो लोक वाचले?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"हो मावशी," सर म्हणाले.

"बरा झाला," आई म्हणाली. मग सरांचा हात धरला. "त्यातला येक तरी मानूस आना घरी. मी त्याला जेवाया वाढीन."