आबाजींची डावी बाजू

माझा सगळ्यात भारी रेसिंग पार्टनर मेला, त्याला आज वर्ष झालं.

वय ऐंशीच्या पुढं. एका डोळ्यात मोतीबिंदू. धोतर सावरून सोफ्यावर बसायचे आणि कंट्रोलर मांडीवर घ्यायचे.

माझे आजोबा. आमचे आबाजी.

इथल्या गेमर मंडळींना माझी मतं पाठ आहेत, तरी पुन्हा ऐका. आर्केड रेसिंगची वाट दोन गोष्टींनी लावली. एक म्हणजे नायट्रो. बटण दाबलं की गाडी उडते, वळण घेण्याचं कसब गेलं चुलीत.

दुसरं, कंपन्यांनी स्प्लिट-स्क्रीन काढून टाकला. शेजारी बसलेल्या माणसाबरोबर खेळायचं तर त्याचा कन्सोल वेगळा, गेम वेगळा, सबस्क्रिप्शन वेगळं. एका सोफ्यावर दोन माणसं त्यांना नकोच आहेत.

म्हणून मी माझा जुना कन्सोल विकला नाही. टीव्हीचे उभे दोन भाग करणारा जुना गेमही ठेवलाय.

आबाजी गाव सोडून अकोल्याला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांना अजिबात करमेना. मी सहज कंट्रोलर हातात दिला. एकट्यानं खेळायला ते तयार नव्हते.

"तू उजव्या अंगाले बस, माय," म्हणाले. नातीला ते 'माय'च म्हणायचे.

तेव्हापासून मी उजवीकडे, ते डावीकडे.

त्यांचं खेळणं बघून माझं डोकं फिरायचं. रस्ता अख्खा मोकळा आणि यांची गाडी डाव्या कडेला चिकटलेली. उजवं वळण आलं तरी आत घुसायचे नाहीत. नायट्रोचं बटण कुठलं ते त्यांना चांगलं माहीत होतं, पण त्याला बोट लावायचे नाहीत. दर वेळी हरायचे.

मला त्यांना एकदा तरी जिंकताना बघायचं होतं. कारण मला माहीत होतं, हा माणूस कधी काळी जिंकायचा.

एकोणीसशे साठच्या आसपास, लग्नाआधी, आबाजी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकडा हाकायचे. अमरावतीकडच्या गावांत बैलजोडी पळवण्यात त्यांचं नाव होतं, असं काका सांगायचे. ते स्वतः मात्र पटाबद्दल चकार शब्द काढत नसत. पोळ्याला बैल बघायलाही घराबाहेर यायचे नाहीत.

मग एका दुपारी, शेवटच्या सरळ रस्त्यावर, त्यांचा अंगठा घसरला.

नायट्रो लागला. गाडी सुसाट सुटली. कंट्रोलर त्यांच्या हातात धडधडायला लागला. फिनिश लाइन पार झाली, टीव्हीवर फटाके उडाले. त्यांचा पहिला नंबर.

मी टाळ्या वाजवल्या.

कंट्रोलर शांत झाला.

आबाजींनी तो दोन्ही तळव्यांत धरला, आजारी लेकराच्या छातीवर हात ठेवावा तसा. बराच वेळ सोडला नाही.

"थांबलं," म्हणाले. "तसंच थांबलं."

आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

त्यांची जोडी होती चांद्या आणि कबऱ्या. चांद्या डावीकडचा, कबऱ्या उजवीकडचा. बैलाची बाजू एकदा ठरली की ठरली, आयुष्यभर तो त्याच बाजूला जुंपायचा.

त्या दिवशी कबऱ्यानं सकाळी चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी बजावलं होतं, पळव, पण आज त्याला तुतारी लावू नको. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. शेजारची जोडी मानभर पुढं गेली आणि आबाजींना राहवलं नाही. त्यांनी तुतारी लावली.

जोडी जिंकली. रेघेच्या पलीकडे कबऱ्या गुडघ्यांवर बसला.

आबाजींनी त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. आत धडधड चालू होती. मग बंद झाली. मागं लोक गुलाल उधळत होते.

बक्षिसाला पितळेची घागर मिळाली. तिच्यात घरात कुणी कधी पाणी भरलं नाही.

पुढच्या पोळ्याला चांद्याला एकट्यालाच तोरणाखाली नेलं. तो डावीकडे सरकून उभा राहिला, उजवीकडे एका बैलाची जागा सोडून. लोकांनी तिथं दुसरा बैल आणून लावला, तर त्यानं शिंगं उगारली. म्हातारा होऊन मरेपर्यंत तो गोठ्यातही तसाच उभा राहायचा.

मी विचारलं, म्हणून तुम्ही गाडी डाव्या कडेनं चालवता का?

"कबऱ्या येते ना उजवीकडून. त्याचे घुंगरू आयकू येतात मले. जागा नाही ठेवू काय त्याले?"

अगदी सहज म्हणाले.

मी म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन ही थरथर बंद करून टाकते.

"राहू दे, माय. कधी थांबते ते मले समजलं पाहिजे."

त्यानंतरही आजारी पडेपर्यंत खेळले. डाव्या कडेनं, हरत. मी पुन्हा कधी त्यांना जिंका म्हटलं नाही.

तुम्ही म्हणाल, गेममधल्या गाडीत कुठं जीव असतो. नसेल. पण मलाही आता नायट्रो मारवत नाही.

काल जुना कन्सोल लावला. एकटीचा मोड निवडायला हात होईना, म्हणून दोन खेळाडू निवडले. उजव्या अर्ध्या स्क्रीनवर माझी गाडी निघाली. डाव्या अर्ध्यावर त्यांची गाडी सुरुवातीच्या रेघेवर उभीच राहिली, इंजिन चालू ठेवून. शर्यत संपेपर्यंत ती घरघर ऐकू येत होती. मला फार रडू आलं.

टीव्ही बंद करून उठले तेव्हा लक्षात आलं. अख्खा सोफा मोकळा होता, आणि मी उजव्या टोकाला अंग चोरून बसले होते.

डावीकडे एका माणसाची जागा सोडून.

सावकाश हाका, आबाजी. तुमच्या नातीचा नमस्कार.