गॅस संपल्यानंतरचा सिलिंडर

आमच्या दुकानाच्या पाटीवर तीनच शब्द होते : हवा, पंक्चर, ग्रीसिंग. पहिला शब्द बंद पडला की बाकीचे दोन आपोआप बंद पडत. ग्रीसची गन हवेवरच चालायची आणि पंक्चर काढून झालं तरी टायरमध्ये भरायला हवा लागायचीच. दुकान दिंडोरी रस्त्याला होतं, एका रोपवाटिकेच्या शेजारी. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः द्राक्षबागांचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या ट्रॉल्या. मी तेव्हा नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज एसटीने जाऊन येऊन करायचे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. हे वाक्य लिहिताना आजही थोडा संकोच वाटतो, कारण त्या काळात ते सगळ्यांना सांगायचं काम आई करत असे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता कॉम्प्रेसरची टाकी गेली. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत थंड होते, तिचं पाणी होतं आणि ते तळाशी साचतं. ते काढून टाकायला टाकीच्या खाली एक छोटा कॉक असतो. आमचा कॉक केव्हाच गंजून बसला होता आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. पाण्याने तळ आतून खात आणला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोनदा वेल्डिंग मारलं. तिसऱ्यांदा मात्र हत्यार खाली ठेवलं.

"कागदावर वेल्डिंग मारल्यागत झालंय," ते म्हणाले. "एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं."

छाटणीचा हंगाम तोंडावर आला होता. रस्त्याला ट्रॅक्टर वाढले होते आणि आमच्याकडे थांबून, हवा नाही म्हटल्यावर, पुढे जात होते. नवीन टाकी घेणं त्या वर्षी जमणार नव्हतं.  एके दिवशी जेवताना अण्णांची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या सिलिंडरवर गेली आणि तिथेच राहिली.

तो सिलिंडर आईचा होता. काही वर्षांपूर्वी खासगी गॅस कंपन्या निघाल्या होत्या. सरकारी गॅससाठी नंबर लावून बसावं लागे, यांचा लगेच मिळे. आमच्या घरी आलेला पहिला गॅस तो. काही महिने आईने त्यावर स्वयंपाक केला, मग एके दिवशी भरलेला सिलिंडर यायचा बंद झाला. एजन्सीला कुलूप होतं. कंपनी गेली, रिकामा सिलिंडर आमच्याकडे राहिला. परत द्यायचा तर घ्यायला कुणी उरलं नव्हतं. आई पुन्हा स्टोव्हवर आली, पण सिलिंडर तिने हलवला नाही. त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलं आणि कोपऱ्यात ठेवून दिला. कंपनी पुन्हा सुरू झाली तर असावा, असं ती म्हणायची. मला वाटतं, पुढे पुढे तिलाही ते खरं वाटत नव्हतं.

"तो काय बघताय?" आई म्हणाली.

"जाड पत्र्याचा हे. टाकी होईल."

"माझा गॅस हाय तो."

"गॅस कुठं हे त्यात? नुसता डबा हे."

आईने ताटात भाजी वाढली, मग म्हणाली, "घेऊन जा. आता माझा चहा तर नाय उकळत त्याच्यावर, तुमची हवा तरी राहू द्या. कव्हर मात्र काढून ठेवा, ते चांगलं हे."

सिलिंडर दुकानामागच्या मोकळ्या जागेत नेला. अण्णांनी वॉल्व्ह काढला, सिलिंडर बरेच दिवस उघड्यावर ठेवला, काठोकाठ पाण्याने भरला आणि रिकामा केला, असं पुनःपुन्हा केलं. पाण्याला सुरुवातीला गॅसचा तो कुजकट वास यायचा. वास गेल्याची खात्री त्यांनी आईकडून करून घेतली, कारण तिचं नाक त्यांच्यापेक्षा तिखट होतं. तरीही वेल्डिंग करताना आत पाणी भरलेलंच ठेवलं, वेल्डिंगपुरती जागा सोडून. ज्यात गॅस होता ते भांडं कोरडं ठेवून जाळ लावायचा नाही, एवढा नियम ते पाळत. सॉकेट, म्हणजे पाइप आवळायची आट्यांची तोंडं, तीन जोडली : एक कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या पाइपासाठी, एक बाहेर जाणाऱ्या पाइपासाठी आणि एक तळाला, पाणी काढायच्या कॉकसाठी. या वेळी कॉक त्यांनी पितळी घेतला.

"उद्या हवा भरू," ते म्हणाले. "साबणाचं पाणी लावून बघू कुठं बुडबुडे येतात."

सगळेच मिस्तरी असंच करत. हवा भरायची, फेस लावायचा आणि अगदी जवळ तोंड नेऊन बुडबुडे शोधायचे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दाबलेली हवा काय करते ते अण्णांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ट्रकच्या चाकाची रिंग उडून पत्र्याच्या छताला भोक पडल्याची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. तरी उद्या ते सिलिंडरपासून वीतभर अंतरावर चेहरा नेणार होते. सिलिंडर जुना, वेल्डिंग नवीन, आणि त्या दोघांचं जमलंय की नाही हे कळायच्या आधीच.

सकाळी मी अण्णांना "कॉलेजवरून आल्यावर भरा, मला बघायचंय," एवढंच म्हणाले. ते हसले आणि हो म्हणाले.

कॉलेजात मी फिजिक्सच्या सरांच्या खोलीबाहेर उभी राहिले. तोवर मी कुठल्याच सरांशी वर्गाबाहेर बोलले नव्हते. माझा प्रश्न अभ्यासक्रमातला नाही, हेच मला मोठं अडचणीचं वाटत होतं. सर बाहेर आले तेव्हा माझ्या तोंडून वाक्य धड निघालं नाही. "सर, एक सिलिंडर आहे," असं म्हणून मी थांबले.

"फुटलाय का?"

"नाही सर. फुटू नये म्हणून विचारतेय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी म्हणाले की असं करूच नये, तयार टाकी घ्यावी.  माझ्या चेहऱ्यावरून त्यांना घरचा अंदाज आला असावा. मग ते म्हणाले, "चाचणी हवेने करू नका. पाण्याने करा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलंच तर चीर पडते आणि पाणी गळतं. हवा दाबून बसलेली असते, ती तुकडे घेऊन उडते. आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका. आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपट तरी द्या."

एसटीत मी ते तीनदा मनात म्हटलं. अण्णांना कसं सांगायचं, हे मात्र सुचलं नाही. त्यांना शिकवायला निघाले आहे असं दिसायला नको होतं. दुकानात पोहोचले तर त्यांनी साबण कालवून ठेवला होता.

"अण्णा, आधी पाण्याने बघायचं का?"

"पाणी तर कालच काढलं."

"दाबाचं पाणी. म्हणजे... त्याची परीक्षा घ्यायची. नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन. पाण्याने घेतली तर नापास झाला तरी कुणाला लागत नाही."

 मला वाटलं चिडतील. "तुझ्या परीक्षेत असं का नाय गं?" ते म्हणाले. "नापास झालं तरी कुणाला लागत नाय." मग विचारलं, "पण एवढा दाब पाण्याला आणायचा कुठून? बादलीनं?"

ते सरांनीही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं तिथेच बसलो असताना नेहमीचे एक बागाईतदार ट्रॅक्टर घेऊन आले. मागच्या चाकात हवा कमी होती. ट्रॅक्टरला फवारणीचा पंप जोडलेला, शेजारी औषधाचं पिंप, गुंडाळलेला लांब पाइप. पंपावर घड्याळासारखं मीटर होतं, त्यावर दाबाचे किलोतले आकडे. अण्णांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांच्याही ते एकाच वेळी लक्षात आलं असावं.

"भाऊ, पंप देता का थोडा वेळ?"

"कशाला?"

"या सिलिंडरला लावायचाय."

बागाईतदार खाली उतरले, वेलीवरचा बुरशीचा रोग बघावा तसे सिलिंडरभोवती फिरले. "काय मिस्तरी, डावणी पडला का याच्यावर? का भुरी हे?"

"दोन्ही हे. म्हणून तर तुम्हाला बोलवलं."

"माझी बाग राहिली आणि मी सिलिंडरला औषध मारत बसतो! लोक बघतील तर काय म्हणतील?"

"लोकांच्या बी चाकात हवा नाय. येतील हितंच."

पंप जोडायला थोडी खटपट झाली. फवारणीच्या पाइपाचे आटे आमच्या सॉकेटला बसेनात, अण्णांनी एक नळीचा तुकडा कापून मधे बसवला. सिलिंडर काठोकाठ भरला, वरच्या तोंडाचं बूच ढिलं ठेवून हवा बाहेर जाऊ दिली. पाणी ओसंडायला लागल्यावर मी म्हणाले, "अजून थोडं," आणि शेवटचे बुडबुडे गेल्यावर बूच आवळलं. आई डबा घेऊन आली होती, ती भिंतीपाशी उभी राहिली. मी सगळ्यांना ट्रॅक्टरच्या पलीकडे जायला सांगितलं. बागाईतदार गेले. अण्णा दोन पावलं मागे सरकले, तेवढंच.

मीटरचा काटा चढायला लागला. आमची हवा नेहमी आठ किलोपर्यंत असायची. काटा आठाला आला, दहाला आला. बारावर बागाईतदारांनी थांबवला.

काहीच झालं नाही. ट्रॅक्टरचा तेवढा आवाज होता. मग अण्णा गुडघ्यावर बसले आणि सिलिंडरच्या तळाशी तोंड नेलं. ज्या चेहऱ्यासाठी मी रात्रभर जागी होते तो वीतभर अंतरावरच होता. फरक इतकाच की आत हवा नव्हती.

"हे काय हे?" ते म्हणाले.

तळाच्या सॉकेटच्या कडेला, वेल्डिंगवर, मोहरीएवढा निळा ठिपका होता. त्यांनी बोटाने पुसला. पुन्हा आला. पुसला, आला.

"निळं कसं?" आईने लांबून विचारलं.

बागाईतदारांनी जीभ चावली. "पिपात तळाला बोर्डो राहिलं होतं माझं. धुतलं नाय." बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं निळं मिश्रण, बागेवर बुरशीसाठी मारतात ते. सकाळी त्यांनी तेच मारलं होतं आणि उरलेलं पाण्याबरोबर आमच्या सिलिंडरमध्ये गेलं होतं. साधं पाणी असतं तर तो ओलावा आधीच ओल्या असलेल्या लोखंडावर दिसला असता की नाही, मला सांगता येणार नाही.

अण्णांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "सिलिंडर पास हे," ते म्हणाले. "वेल्डिंग माझं हे. तेच नापास हे."

 बागाईतदार पाइप सोडवायला लागले. एरवी त्यांनी चिडवायची संधी सोडली नसती.

अण्णांनी ते वेल्डिंग ग्राइंडरने पूर्ण काढलं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने मारलं. बागाईतदार पंप घेऊन पुन्हा आले. पिंप धुवायचं की नाही, यावर थोडी चर्चा झाली आणि अण्णांनी स्वतः मूठभर मोरचूद मागून घेतला. बारा किलोला काटा धरून ठेवला. अण्णांनी सगळे सांधे पांढऱ्या फडक्याने टिपले. फडकं पांढरंच राहिलं. मोरचूद लोखंडाला खातो हे मला माहीत होतं, म्हणून आई आणि मी मिळून सिलिंडर साध्या पाण्याने पाणी नितळ येईपर्यंत धुतला. मग कॉम्प्रेसर जोडला आणि सर्वात आधी त्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवा भरली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा झाली तेव्हा आईने सिलिंडरला हळदकुंकू लावलं. ते साडीचं कव्हर तिने मिक्सरला घातलं होतं.

यानंतर अण्णांना एक सवय लागली. रोज दुकान बंद करताना ते तळाचा कॉक उघडत आणि फुसकन पाणी काढत. पुढे मी नोकरीसाठी पुण्याला गेले. एसटीडी बूथवरून दुकानाशेजारच्या रोपवाटिकेत फोन करायचे, अण्णा धावत यायचे. फोनवर आम्हाला दोघांनाही बोलता येत नसे. जपून काम करा असं मी त्यांना कधी म्हणू शकले नाही. मी विचारायचे, "पाणी काढलं का?" ते म्हणायचे, "काढलं. निळं नव्हतं." आमचं बोलणं तेवढंच व्हायचं आणि मला पुरायचं.

दरवर्षी छाटणीच्या आधी ते सिलिंडर पुन्हा तपासत. बागाईतदारांनी त्याला नावच दिलं होतं, सिलिंडरची छाटणी. मला आठवण करून द्यावी लागली नाही. आज कुणी मला असा सिलिंडर वापरू का म्हणून विचारलं तर मी नाही म्हणेन, सर म्हणाले होते तसंच. पण तेव्हा तो होता, आणि दर वर्षी त्याची परीक्षा होत होती.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, एका गुरुवारी, अण्णांनीच मला फोन केला. तोवर घरी फोन आला होता आणि आईकडे सरकारी गॅसही.

"यंदा नापास झाला," ते म्हणाले.

"वेल्डिंग?"

"नाय. अंगालाच. कंपनीच्या सांध्याला ठिपका आला, निळा."

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "कापून टाकला. बिल असलेली नवी टाकी आणलीय, तिच्यावर कंपनीचा शिक्का हे. तू यायच्या आधीच आणली म्हटलं, नाहीतर तू सरांना विचारायला जाशील."

दिवाळीला घरी गेले तेव्हा दुकानात नवी टाकी होती, तिच्या तळाच्या कॉकखाली एक डबा ठेवलेला. शेजारी जमिनीवर सिलिंडरचा उभा कापलेला अर्धा भाग पडला होता, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. त्यात पाणी होतं. अण्णा एका ट्यूबमध्ये हवा भरून ती त्या पाण्यात फिरवत होते आणि वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन, बुडबुडे शोधत होते.