मंडईचा पत्ता

माझं अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणी वाचलंच, तर सांभाळून घ्यावं.

ह्यांना टीबी निघाला तेव्हा आम्ही मंडईजवळची खोली सोडून नुकतेच हडपसरला आलो होतो. काचेच्या नव्या कंपनीच्या गेटवर ह्यांना वॉचमनचं काम लागलं होतं आणि ठेकेदाराचा मुकादम आमच्याच गल्लीत राहायचा. दवाखान्यातल्या ताई घर पाहायला येतात हे ऐकून मी घाबरले. गल्लीत कळलं असतं तर काम गेलं असतं. मी जुन्या खोलीचा पत्ता दिला. महिनाअखेरपर्यंत किल्ली आमच्याकडेच होती. ताई आल्या त्या दिवशी मी तिथे स्टोव्ह आणि चार भांडी मांडून बसले.

पत्ता तिथला, म्हणून गोळ्याही तिथल्याच दवाखान्यात. ह्यांच्या नावाचा खोका कपाटात असायचा, एक दिवसाआड ताईंसमोर गोळ्या गिळायच्या. गोळ्या फुकट होत्या, पण मधेच कुणी सोडू नये म्हणून ताई शंभर रुपये ठेवून घ्यायच्या, कोर्स संपला की परत.

हे बसने जायचे. दोन महिन्यांत खोकला थांबला. मग ड्युटी बदलली आणि खेपा चुकायला लागल्या. मी म्हणायचे, आज तरी जा. ते म्हणायचे, बरा झालोय की. मलाही तसंच वाटलं.

ताई खोलीवर शोधत गेल्या. तिथे नवे भाडेकरू होते. आम्ही कुठे गेलो ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी ह्यांना रक्ताची उलटी झाली. मोठ्या हॉस्पिटलातून कळलं तशा ताई आल्या. खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "चार वेळा तीन जिने चढले तुमच्यासाठी. पाचव्यांदा भाडेकरूंनी चहा विचारला."

मी पदर तोंडाशी धरला. हे हळूच म्हणाले, "पत्ता मीच दिला होता, ताई."

आठ दिवसांनी ते गेले.

ताईंनी माझी थुंकी तपासायला लावली. मलाही निघाला. ह्या वेळी मी ताईंना भर दुपारी गल्लीतून घरी आणलं. मुकादमाची बायको दारात उभी होती. हडपसरच्या दवाखान्यात माझ्या नावाचा खोका आला. ह्यांचे शंभर रुपये ताईंनी माझ्या कोर्सचे म्हणून तसेच ठेवून घेतले.

सहा महिने एकही खेप चुकवली नाही. शेवटच्या गोळीला ताई मंडईहून मुद्दाम आल्या. मी पाणी प्यायले, आणि त्यांनी ह्यांचे शंभरच्या शंभर रुपये माझ्या हातात ठेवले.