धरणीचा झोका

पृथ्वीशी घरोब्याचे संबंध असलेली एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. मावशी मूळच्या ओडिशाच्या, लग्न होऊन इकडे आल्या. त्यांचं मराठी भाजीवालीकडून शिकलेलं, त्यामुळे घाईचं आणि भांडायला सोयीचं. कुंडीत खुरपं घालण्याआधी त्या मातीला "जरा सरक हां" म्हणायच्या. जिन्याखाली धावणाऱ्या मुलांवर ओरडायच्या, "हळू रे, तिला लागतं ना!" लिफ्टची वाट बघतानाही त्यांची कुजबुज चालूच असे. ती कुणाशी, हे विचारायची आमची छाती नव्हती.

जून आला की मावशींना खरा बहर येई. त्यांच्याकडे समजूत अशी, की पेरणीआधी तीन दिवस धरणी बाजूला बसते. तेव्हा तिला नांगर लावायचा नाही, खणायचं नाही, अनवाणी तुडवायचंसुद्धा नाही. आणि बायकांनी, तिच्या सख्ख्या बहिणीच त्या, चुलीकडे न फिरकता नव्या साड्या नेसून, पायांना लाल आळता लावून झोके घ्यायचे. या सणाला त्या रजो म्हणत. मावशींचे यजमान आत भात करपवत आणि मावशी खिडकीत विडा चघळत डोळे मिटून बसत. कायम खणलेल्या या शहरात असला सण पाळणं म्हणजे कठीणच काम, पण समोरचा रस्ता खोदायला आलेल्या माणसांना त्यांनी एकदा गूळखोबऱ्याचा भाजलेला पिठा, म्हणजे त्यांच्याकडचा केकच, पोटभर खायला घालून सबंध दुपार आडवं केलं होतं.

मग सोसायटीने मागच्या अंगणात पेवर ब्लॉक बसवायचं ठरवलं. जांभळाखालचा तो पट्टा म्हणजे आमच्या आवारातली शेवटची उघडी माती. काम सुरू होणार होतं नेमकं रजोच्या पहिल्या दिवशी. त्याच सकाळी भर मीटिंगमध्ये मावशी उभ्या राहिल्या. "आता नाही जमणार. तिचे दिवस आहेत."

"कोणाचे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"धरतीचे. पाळी आलीय तिला. पाळी कळते ना तुम्हाला?"

या विषयावर चर्चा करायची एकाही पुरुषाची तयारी नव्हती. सेक्रेटरींनी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत घाईघाईने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी जांभळाला झोका लागला. माझ्या सासूबाई कुडाळच्या. त्या गॅलरीतून बराच वेळ बघत होत्या. शेवटी खाली जाऊन म्हणाल्या, "धरतरी भायर बसली तर तिका झोपाळो! आमका मागल्या पडवेत फाटको कांबळो गावायचो."

"म्हणून तर बोलते, ये ना गं," मावशी म्हणाल्या. "तुझे राहिलेले झोके घे."

सासूबाई बसल्या. दोर घट्ट धरून, डोळे मिटून. साडीवर जांभळं टपटपत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना रिकाम्या हाताने बसलेलं मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी धरणीचं न्हाण असतं. मावशींकडे धरणी म्हणून पाट्याला हळद लावून न्हाऊ घालतात, पण त्यांच्या घरात होता मिक्सर. सासूबाईंनी ओट्याखालून कुडाळचा पाटा ओढून काढला. दोघींनी त्याला बाळंतिणीला घालावं तसं न्हाऊ घातलं.

ताटकळलेला कंत्राटदार तोवर दुसऱ्या कामावर गेला. तो परत आला तेव्हा सासूबाईंनी तिथे अळू लावलं होतं आणि स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या. "माझ्या अळवाक हात लावून बघा!" कुणी लावला नाही. माती राहिली.

गेल्या दिवाळीनंतर मावशी लेकीकडे कटकला कायमच्या गेल्या. वरचं घर बंद असतं. या जूनमध्ये त्यांचा फोन आला, "झोका बांधला ना?" मी फोन घेऊन खाली गेले. सासूबाई एकट्याच हलके हलके झुलत होत्या, शेजारी एकीपुरती जागा सोडून. मला बघून त्यांनी झोका थांबवायला चपलेचा पाय खाली टेकवला, जरा जोरातच. मग वाकल्या, आणि मातीला हलक्या आवाजात विचारलं, "लागला नाय मां गो?"