शाफ्टवरची खडूची खूण

सिद्धप्पाला रडता आलं नाही, म्हणून तो कामाला लागला. पुरुषांचं असंच असतं. बायको सुंदरम्मा गेली आणि तेराव्या दिवशी हा गडी मशिनखाली उताणा झोपलेला. त्याला आता चौदा महिने झाले होते. साल त्र्याहत्तर, पाऊस पाठ फिरवून बसलेला, आणि सांगोल्याकडं पाझर तलावाच्या कामावर शेकडो माणसं माती उपसत होती. तिथं सिद्धप्पा ठेकेदाराचा लोडर चालवायचा, राहायचाही तिथंच, आठवड्याला एकदा घरी यायचा. लष्कराच्या लिलावातली जुनी चारचाकी गाडी, पुढं मातीचं खोरं बसवलेलं.

त्या कामावर दुपारी बाया भाकरी सोडायच्या आणि हाक मारायच्या, "ओ मिस्त्री, या की जेवायला." या हाकेसाठी सिद्धप्पा कामावर जात होता. मजुरीचं तो स्वतःशीही बोलत नसे. सोलापुरात विजापूर रोडला मजरेवाडीच्या अलीकडं त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि तिथं त्याला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून चाकांना जोर पोचवणाऱ्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांच्या सांध्यातल्या लोखंडी फुल्या, झिजले आणि गाडी पाऊल टाकताना खाडखाड करायला लागली, तेव्हा त्याला पहिली आठवण त्या हाकेची झाली. ठेकेदार म्हणाला, "सोमवारी सकाळी मशिन कामावर पाहिजे. नसेल तर मी दुसरं आणतो. तुमी मग घरीच बसा."

घरीच बसा. बोलणारा बोलून गेला.

गाडी सिद्धप्पानं कशीबशी सोलापूरला आणली, कारण शिकंजा, हातोडे, पाने सगळं घरी होतं. शुक्रवारी लिंबाखाली शाफ्ट उतरवला. हा शाफ्ट म्हणजे दोन तुकडे, दातऱ्यांनी एकमेकांत सरकून बसणारे. सोडले तर पुन्हा त्याच दातावर बसवावे लागतात. एक दात जरी इकडं तिकडं झाला तरी गाडी थरथरते. त्यासाठी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीनं घाव घालून खूण करायची असते. तीस वर्षांच्या मिस्त्रीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण छिन्नी आत, खडू खिशात. त्यानं खडूनं रेघ ओढली आणि शनिवारी सकाळी नवे क्रॉस आणायला बाजारात गेला.

शेजारी दगडाबाई राहायची. विधवा बाई, दुष्काळात सांगोल्याकडून आलेली, विड्या वळून पोट भरणारी. सुंदरम्मा गेल्यापासून तो घरी आला की ती मागच्या दारानं यायची, मोरीत पडलेली याची दोन भांडी घासून पालथी घालायची आणि निघून जायची. त्यानं कधी सांगितलं नव्हतं, तिनं कधी विचारलं नव्हतं. त्या सकाळी भांडी घासता घासता तिला अंगणात तेलानं काळाकुट्ट झालेला शाफ्ट दिसला. बाईच ती. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, दोन्ही तुकडे ओढून वेगळे केले, आतबाहेर घासले आणि कळशी-तांब्यासारखे उन्हात उभे केले.

सिद्धप्पा परतला तर शाफ्ट चकचकीत. रेघ कुठंच नाही.

"हे काय केलंस गं?"

"घासलं की. लई मळलं हुतं."

"तुला कुणी सांगितलं हात लावायला? भांडं हाय का हे? माझी खूण गेली ना सगळी. उद्यापासनं माझ्या दारात येऊ नकोस."

दगडाबाईनं हात पदराला पुसले. "इतके दिवस तुमी-आमी हुतं, आज तू-तू व्हय?" एवढं म्हणून ती गेली. मागचं दार तिनं ओढून घेतलं नाही, सिद्धप्पालाच उठून लावावं लागलं.

शनिवारी त्यानं क्रॉस बसवले. वाटीसारख्या टोप्या, त्यांच्यात सुईएवढे बारीक रूळ ग्रीसमध्ये चिकटवलेले. एक जरी आडवा पडला तरी टोपी बसत नाही. ते काम त्यानं बोटांनी केलं. डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. दोन्ही डोळ्यांवर धुकं धरलं होतं. रस्ता दिसायचा, माणूस दिसायचं, बारीक काही दिसायचं नाही. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ठेकेदाराला तर नाहीच. शाफ्टचे दोन तुकडे मात्र बोटांनी जुळेनात. दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे कान असतात, ते एका रेषेत यायला हवेत, आणि रेषा डोळ्यांनीच बघावी लागते. त्यानं अंदाजानं बसवले.

रविवारी सकाळी गाडी सुरू केली. गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर अख्खं धूड हिव भरल्यासारखं थरथरायला लागलं. एक दात चुकला होता. मागं की पुढं, कळायला मार्ग नाही.

शाफ्ट पुन्हा उतरवून तो लिंबाखाली बसून राहिला. भांडी मोरीत तशीच होती. उन्हं चढली. दगडाबाईचं दार दहा पावलांवर. ती दहा पावलं जायला त्यानं दोन तास घेतले, इतका हट्टी माणूस.

ती उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मान वर केली नाही.

"दगडाबाई."

"दारात येऊ नको म्हनला हुता न्हवं? मग तुमी कशाला आला माझ्या दारात?"

"जरा बघायला येता का? नीट बसलंय का तेवढं."

"तीस वरसं काय केलं मग? मिस्त्री तुमी, बघायचं म्या?"

सिद्धप्पा उंबऱ्याखालच्या पायरीवर टेकला. मग म्हणाला, "मला दिसत न्हाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

शाफ्ट त्यानं दोन विटांवर आडवा मांडला, दोन्ही टोकांच्या कानांवर एकेक सळई बांधली. दगडाबाई एका टोकाला उकिडवी बसली, एक डोळा मिटला. "पल्याडली काठी कलंडलीय. फिरवा. तिकडं न्हाय, हिकडं. हां, आता एकामागं एक झाकली."

"नक्की?"

"जात्याचा खुटा जरा जरी तिरका असला तरी लांबनं दिसतो मला. नक्की म्हंजे काय?"

दुपारी तीनला गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. थरथर नाही, खाडखाड नाही. सिद्धप्पानं घराला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्यापुढं धरली.

"काल बोललो ते..."

"राहू द्या." तिनं किल्ली कनवटीला लावली. "भांडी हायत का मोरीत?"

"हायत."

"सांगोल्याकडं कामं हायत लई. बायांना बी घेत्यात," तो म्हणाला. "यायचं असलं तर..."

"तिथनंच तर पळून आले की मी," दगडाबाई म्हणाली आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी तिनं लोडरच्या सीटवर ठेवल्या.

मंगळवेढ्याच्या पुढं त्याला दिवस मावळला. कामावर पोचला तेव्हा चुली पेटल्या होत्या. कुणीतरी हाक मारली, "ओ मिस्त्री, या की." तो गेला, बसला, फडकं सोडलं. मुकादम महिपतीनं गाडीच्या खाली वाकून बघितलं.

"एकट्यानं केलं?"

"व्हय," तो सवयीनं म्हणाला. मग घास तसाच हातात धरून म्हणाला, "न्हाय. शेजारी एक बाई हाय, तिनं बघून दिलं. तुमच्या हिकडचीच हाय."

"आमच्या हिकडची? कुठल्या गावची?"

चुलीपाशी बसलेल्या दोघी बायांनीही मान वळवली. गावाकडचं माणूस निघालं की वळतातच.

सिद्धप्पानं तोंड उघडलं. चौदा महिने तिनं त्याची भांडी घासली होती. त्यानं विचारलंच नव्हतं.

"कुठल्या, मिस्त्री?"

"विचारून सांगतो," तो म्हणाला, आणि हातातला घास खाल्ला.